संशोधन करायचं आहे, मग ब्रँच कोणती?

नीट पीजीचं कौन्सेलिंग सुरू झालं की आपल्याकडे चौकाचौकात फ्लेक्स लागतात. पोराला रेडिओलॉजी मिळाली तर मोठा फ्लेक्स, त्यावर आमदार, माजी आमदार आणि भावी आमदार तिघांचेही फोटो. मेडिसिन, स्किन, पेडियाट्रिक्स मिळालं तर मधला फ्लेक्स. पॅथॉलॉजी, मायक्रोबायोलॉजी, फार्माकॉलॉजी किंवा पीएसएम मिळालं तर फ्लेक्सच नाही. घरचे लोक हळूच सांगतात, "भेटली बा काहीतरी." जणू लेकरू नापास झालं.

मागच्या आठवड्यात आपल्या जिल्ह्यातल्याच एका मुलीचा मेसेज आला. एमबीबीएस झाली आहे, रँक बरी आहे, चार-पाच ब्रँचेसचे पर्याय समोर आहेत. तिने विचारलं, "दादा, मला पेशंटही पाहायचे आहेत आणि संशोधनही करायचं आहे. लोक म्हणतात दोन्ही होत नाही. कोणती ब्रँच घेऊ?"

मी डॉक्टर नाही. पण हा प्रश्न तिच्या एकटीचा नाही, आपल्या जिल्ह्याचाही आहे. ज्या रोगांनी आपली माणसं मरतात त्यांचा अभ्यास कोण करणार, हे याच दिवसांत एका कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर क्लिक करून ठरत असतं. म्हणून म्हटलं, आपल्या मराठी मुलखात ज्या डॉक्टरांनी दवाखाना सांभाळून जगाला माहीत नसलेलं काही शोधलं, त्यांनी कोणती वाट धरली होती ते जरा नीट पाहू. पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा.

सुरुवात डॉ. वसंत रामजी खानोलकरांपासून करतो. आज हे नाव मेडिकलच्या पोरांनाही फारसं माहीत नसतं. जन्म १८९५ चा, घराणं गोमंतकीय. १९२३ साली त्यांनी लंडन विद्यापीठाची एम.डी. घेतली, विषय पॅथॉलॉजी. त्या काळात लंडनची एम.डी. घेऊन आलेल्या माणसाने मुंबईत नुसती पाटी लावली असती तरी गाड्यांची रांग लागली असती. हे गृहस्थ मात्र परत येऊन शिकवायला गेले. आधी ग्रँट मेडिकल कॉलेज, मग परळचं सेठ जी. एस. मेडिकल कॉलेज आणि केईएम. १९४१ साली टाटा मेमोरिअल हॉस्पिटल सुरू झालं, तेव्हा तिथल्या प्रयोगशाळांची सूत्रं त्यांच्याकडे आली.

पॅथॉलॉजी म्हटलं की आपल्याला वाटतं, अंधाऱ्या खोलीत सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसलेला माणूस. पेशंट नाही, नातेवाईक नाहीत, कोणी पाया पडत नाही. खानोलकर त्या खोलीत बसून विचारत होते, हा माणूस नेसतो काय? चघळतो काय? १९४५ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकारी सूर्याबाई यांनी एक निबंध छापला. भारतातल्या लोकांच्या सवयींमुळे होणारे कर्करोगाचे तीन नवे प्रकार त्यात मांडले होते. त्यातला एक 'धोतराचा कर्करोग'. कमरेला धोतर करकचून बांधायचं, तेच घर्षण त्याच जागी वर्षानुवर्षं, आणि नेमक्या त्याच पट्ट्यात कातडीचा कर्करोग. विलायतेच्या पुस्तकात हा रोग सापडणारच नव्हता, कारण विलायतेत कोणी धोतर नेसत नव्हतं! तंबाखू-चुना गालात, ओठात धरून ठेवण्याची सवय आणि तोंडाचा कर्करोग, हे नातंही याच मंडळींनी पुढे आणलं.

आपल्याकडे पानठेल्यावर पन्नीवर घोटून दिला जाणारा खर्रा जे खातात, त्यांनी हा परिच्छेद दोनदा वाचावा.

१९५२ साली मुंबईत भारतीय कर्करोग संशोधन केंद्र उभं राहिलं, त्याचे प्रमुख खानोलकरच. कुष्ठरोगाचे जंतू मज्जातंतूंत कसे पसरतात यावरही त्यांनी मोठं काम केलं. वरोऱ्याचं आनंदवन आणि अमरावतीचं तपोवन शेजारी असलेल्या आपल्यासारख्या लोकांना कुष्ठरोग म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. म्हणजे ज्या ब्रँचला आज फ्लेक्स लागत नाही, त्या ब्रँचच्या माणसाने आपल्या भागातल्या दोन सर्वांत भेसूर रोगांवर हात घातला होता.

आता अगदी उलट टोकाचं उदाहरण. डॉ. हिम्मतराव बावस्कर. जालना जिल्ह्यातलं देहेड हे गाव, घरी शेती आणि गरिबी. एमबीबीएस आपल्या नागपूरच्या मेडिकलचं. १९७६ साली नोकरी मिळाली कुठे, तर रायगड जिल्ह्यात महाडजवळच्या बिरवाडीला, प्राथमिक आरोग्य केंद्रात. ना प्रयोगशाळा, ना गाइड, ना ग्रंथालय.

तिथे लाल विंचू. कोकणातल्या भाताच्या पेंढ्यात, दगडाच्या बांधात, चपलेत. विंचू चावून आलेला माणूस घामाने ओलाचिंब, उलट्या, तोंडाला लाळ, हातपाय बर्फासारखे गार. थोड्या तासांत छातीत पाणी भरून दम लागायचा आणि माणूस जायचा. कोवळी लेकरं जास्त. मोठ्या शहरांतल्या प्राध्यापकांना हा रोग माहीतच नव्हता असं नाही. पण रात्री दोन वाजता त्या खाटेजवळ बसून, चावल्यापासून मरेपर्यंत तासातासाला काय होतं ते लिहून ठेवणारा कोणी नव्हता. बावस्करांनी लिहिलं. नाडी, रक्तदाब, घाम, श्वास. विंचू चावल्यावर माणूस मरतो तो हृदय आणि फुप्फुस कोलमडल्यामुळे, आणि त्याच्या खुणा आधीच दिसू लागतात, हे त्यांनी मांडलं. १९८२ साली ते लंडनच्या 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. 'लॅन्सेट' म्हणजे डॉक्टरी जगातलं सगळ्यात मानाचं पान समजा.

मधल्या काळात त्यांनी पुण्याच्या बी. जे. मेडिकलमधून मेडिसिनमध्ये एम.डी. केली. इथे थांबून विचार करा. एम.डी. मेडिसिन, हातात 'लॅन्सेट'. पुण्यात राहता आलं असतं. ते परत महाडला गेले, कारण विंचू महाडला होता. विंचवाच्या विषाने शरीरात एक वादळ उठतं, रक्तवाहिन्या आवळल्या जातात, हृदयावर भार येतो. मग रक्तवाहिन्या सैल करणारं औषध द्यायला हवं, हा त्यांचा तर्क. आधी सलाइनमधून द्यायचं औषध वापरून पाहिलं. पण ते द्यायला मिनिटामिनिटाला लक्ष ठेवावं लागतं, खेड्यात कसं जमायचं? मग सापडली प्राझोसिन. रक्तदाबाची साधी गोळी, तोंडाने घ्यायची. १९८६ साली त्याचाही निबंध 'लॅन्सेट'मध्ये आला. पूर्वी गंभीर रुग्णांतले शंभरात तीस-चाळीस जायचे, ते प्रमाण पुढे एकावर आलं, असं त्यांच्या नोंदी सांगतात. पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांची साथ कामातही आणि निबंधांतही. विंचवाची लस आणि प्राझोसिन एकत्र द्यावी का, याची रीतसर चाचणी या दोघांनी महाडच्या आपल्या दवाखान्यात घेतली आणि ती २०११ साली 'बीएमजे'त छापून आली. २०२२ साली बावस्करांना पद्मश्री मिळाली.

बावस्करांनी पॅथॉलॉजी घेतली असती तर हे झालं असतं का? मला वाटतं, नाही. विंचू चावलेल्या माणसाच्या मृत्यूचं कारण स्लाइडवर ठेवलेलं नव्हतं. ते रात्रीच्या त्या सहा-आठ तासांत होतं आणि खाटेजवळ बसणाऱ्यालाच दिसणार होतं. आणि खानोलकर फक्त ओपीडी करत बसले असते, तर धोतराचा पट्टा आणि गाठीचा पट्टा एकच आहे हे हजारो नमुने एकत्र न पाहता त्यांना कसं कळलं असतं? संशोधनाची ब्रँच अशी वेगळी नसते राव. रोग आपला पुरावा कुठे सोडतो ते बघावं लागतं, आणि ज्या ब्रँचमधून तिथे हात पोचतो ती धरावी लागते.

आता जरा जवळ येऊ. सिकलसेल. आपल्या जिल्ह्यात गोंड, कोलाम, परधान वस्त्यांवर आणि इतरही काही समाजांत हा रोग घरोघरी ओळखीचा आहे. त्याचं पिवळं-लाल कार्ड मी कितीतरी घरांत देवाच्या फोटोमागे खोचलेलं पाहिलं आहे.

हा रोग वैद्यकाला पहिल्यांदा दिसला तो अमेरिकेत. १९०४ च्या हिवाळ्यात शिकागोच्या एका रुग्णालयात ग्रेनाडा बेटावरून दंतवैद्यक शिकायला आलेला एक विद्यार्थी दाखल झाला. खोकला, ताप, अशक्तपणा. त्याचं रक्त काचेवर घेऊन बघितलं कोणी? मोठ्या डॉक्टरांनी नाही, अर्नेस्ट आयर्न्स नावाच्या इंटर्नने. त्याला रक्तात विळ्याच्या आकाराच्या पेशी दिसल्या. त्याचे वरिष्ठ जेम्स हेरिक हे फिजिशियन. त्यांनी ते गुंडाळून ठेवलं नाही, वर्षानुवर्षं त्या रुग्णाची नोंद ठेवली आणि १९१० साली छापलं. १९४९ साली लायनस पॉलिंग या रसायनशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की दोष हिमोग्लोबिनच्या रेणूतच आहे. म्हणजे इंटर्न, फिजिशियन आणि केमिस्ट असे तीन हात त्या एका रोगाला लागले.

भारतात १९५२ साली निलगिरीच्या आदिवासींत सिकल पेशी सापडल्या. आणि १९५८ साली 'लॅन्सेट'मध्ये मध्य भारतातल्या सिकलसेलबद्दल एक छोटा निबंध आला. लिहिणारे शुक्ला आणि सोळंकी, नागपूरचे. मेडिकल कॉलेज १९४७ सालचं. ज्या मेडिकलला आपण रुग्णाला 'रेफर' केलं की घाबरतो, तिथल्या लोकांनी कॉलेज काढल्यावर दहा-अकरा वर्षांत आपल्याच माणसांचं रक्त पाहून जगाला ही बातमी दिली होती. याचा फ्लेक्स कधी लागला नाही.

सिकलसेलवरूनच मला डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्याकडे यायचं आहे. दोघंही नागपूरच्या मेडिकलचे. अभय बंग वाढले सेवाग्रामच्या वातावरणात आणि एम.डी. झाले मेडिसिनमध्ये. राणीताई चंद्रपूरच्या, एम.डी. स्त्रीरोग आणि प्रसूतीत. दोघं गुणवत्तेत वरचे. फ्लेक्सवाल्या ब्रँचेस दोघांकडेही होत्या. नंतर दोघंही अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला गेले आणि शिकले काय, तर पब्लिक हेल्थ! म्हणजे आपल्याकडे ज्याला पीएसएम म्हणून नाक मुरडतात, तेच. १९८६ साली दोघांनी गडचिरोलीत 'सर्च' सुरू केली.

तिथे सुरुवातीला अभय बंगांनी सिकलसेलचा शोध घ्यायला घेतला. रोग सापडला, भरपूर सापडला. शास्त्रज्ञाला आनंद व्हावा असाच विषय. पण आदिवासी लोकांनी त्यात रस दाखवला नाही. हा त्यांचा प्रश्नच नव्हता. त्यांना मलेरिया, लेकरांचे मृत्यू, बायकांची दुखणी हे आधी दिसत होतं. बंगांनी ही गोष्ट पुढे स्वतःच अनेकदा सांगितली आहे. आपल्याला संशोधन करायला आवडेल ते एक, आणि लोकांना जे छळतं ते दुसरं. कधी दोन्ही जुळतं, कधी नाही.

मग राणीताईंनी काय केलं? वसा आणि अमिर्झा या दोन गावांत जाऊन ६५० बायकांची तपासणी केली. रुग्णालयात आलेल्यांची नव्हे, गावातल्या. आजारी असो नसो. यांतल्या ९२ टक्के बायकांना स्त्रीरोगाचा काही ना काही त्रास निघाला आणि त्याआधी कधी तपासणी झालेल्या बायका फक्त ८ टक्के. जानेवारी १९८९ मध्ये हे 'लॅन्सेट'ला आलं आणि जगभरच्या आरोग्य खात्यांची झोप उडाली, कारण तोवर बाईचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन एवढंच धरलं जायचं.

आता नीट बघा. तपासायला स्त्रीरोगतज्ज्ञ लागली, नमुने पाहायला प्रयोगशाळा लागली. पण शोध लागला कशामुळे? सगळं गाव मोजल्यामुळे. दवाखान्यात बसणाऱ्या डॉक्टरला शंभरातल्या आठच दिसतात. उरलेल्या ब्याण्णव दिसायच्या असतील तर मोजणीचं शास्त्र यावं लागतं. राणीताईंकडे दोन्ही होतं. 'पेशंट की संशोधन' असा प्रश्न विचारणाऱ्या मुलीला मी सगळ्यात आधी हाच निबंध वाचायला सांगितला.

पुढे १९९९ साली नवजात बाळांच्या घरच्या घरी काळजीचा प्रयोग छापून आला. ३९ गावांत गावातल्याच शिकवलेल्या बायका आरोग्यदूत, आणि तुलनेला ४७ गावं. तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात मृत्युदर साठ टक्क्यांहून जास्त खाली. आज आपल्या गावातली आशाताई बाळंतिणीच्या घरी वजनकाटा घेऊन येते ना, त्यामागे या कामाचा मोठा हात आहे. बालरोगतज्ज्ञाची पदवी या दोघांपैकी एकाकडेही नव्हती, हे जाता जाता.

काही जण म्हणतील, हे सगळे खेड्यात जाणारे वेडे लोक, आम्हाला शहरातलं सांगा. सांगतो. मुंबईच्या केईएममध्ये डॉ. शारदिनी डहाणूकर होत्या. मराठी वाचकांना त्या झाडाफुलांवर लिहिणाऱ्या लेखिका म्हणून माहीत. नोकरीने त्या फार्माकॉलॉजीच्या प्राध्यापक. ही ब्रँच तर एकदमच तळाची मानतात, "उंदरांना सुया टोचायच्या" म्हणतात. त्यांनी गुळवेलीसारख्या आयुर्वेदातल्या वनस्पती घेतल्या आणि त्याच रुग्णालयातल्या सर्जन डॉ. रवी बापट यांच्यासोबत त्या कावीळ साचलेल्या, ऑपरेशनला आलेल्या रुग्णांत तपासून पाहिल्या. औषध फार्माकॉलॉजीचं, रुग्ण सर्जरीचा, जिना एकच. फार्माकॉलॉजी घेतली की पेशंट सुटतो, हे शंभर टक्के खरं नाही. मात्र रवी बापटांसारखा सर्जन त्याच इमारतीत असावा लागतो आणि त्याच्याशी तुमचं जमावं लागतं.

यावरून एक कडू गोष्ट. कोलकात्याचे डॉ. सुभाष मुखोपाध्याय. विषय फिजिओलॉजी, दोन पीएच.डी., एक कोलकात्याची आणि एक एडिनबरोची. ३ ऑक्टोबर १९७८ रोजी त्यांच्या प्रयत्नाने भारतातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी जन्माला आली. जगातली पहिली इंग्लंडात जुलैत झाली होती, म्हणजे अवघ्या ७० दिवसांनी. सरकारने चौकशी समिती बसवली, समितीने दावा धुडकावला. परदेशी परिषदेला जाऊ दिलं नाही. १९८१ च्या जूनमध्ये त्यांची बदली केली, ती कुठे, तर डोळ्यांच्या संस्थेत. हार्मोन्सवर आयुष्य घालवलेला माणूस डोळ्यांच्या संस्थेत! १९ जून १९८१ ला त्यांनी आत्महत्या केली.

१९८६ साली मुंबईत केईएममध्ये टेस्ट ट्यूब बेबी झाली आणि 'भारतातली पहिली' म्हणून तिचाच गाजावाजा झाला. डॉ. इंदिरा हिंदुजा या स्त्रीरोगतज्ज्ञ आणि डॉ. टी. सी. आनंद कुमार हे शास्त्रज्ञ, अशी ती जोडी. पुढे याच आनंद कुमारांनी मुखोपाध्यायांच्या नोंदवह्या वाचल्या आणि १९९७ साली जाहीर लिहिलं की पहिला मान माझा नाही, त्यांचा. असा मोठेपणा राजकारणात शोधून दाखवा.

ब्रँच निवडताना हे आठवलं पाहिजे. रँक फक्त विषय देत नाही, कॉलेजही देते. वरच्या ब्रँचच्या मोहात जिथे प्रयोगशाळा नाही, गाइडला वेळ नाही, कॉलेजची तपासणी आली की प्राध्यापक इकडचे तिकडे हलवले जातात, अशा ठिकाणी गेलात तर तीन वर्षांत हाती राहतो तो फक्त थिसिस नावाचा जाड कागद. खालच्या ब्रँचला चांगलं कॉलेज मिळत असेल तर संशोधन करायचं म्हणणाऱ्याने दोनदा विचार करावा. हे माझं मत आहे, कोणाला पटो न पटो.

आणि पैशांचं काय? हा प्रश्न खोटा नाही. ज्या बापाने वावर गहाण ठेवून पोरीला शिकवलं, त्याला 'खानोलकर वाच' म्हणून सांगणं सोपं नाही. पॅथॉलॉजीत निदान लॅब टाकता येते. पीएसएम, फार्माकॉलॉजीवाल्याला बहुतेक नोकरीच. एज्युकेशन लोनचा हप्ता डोक्यावर असेल तर मेडिसिन किंवा पेडियाट्रिक्स घेऊन संशोधनाचा धागा धरून ठेवणं यात काही कमीपणा नाही. बावस्करही दवाखाना चालवूनच जगले. फक्त रेडिओलॉजीचं मला कळत नाही. त्यातही उत्तम संशोधन होतं, पण आपल्याकडे ती घेणाऱ्या दहातल्या नऊ जणांच्या डोळ्यांपुढे सोनोग्राफी सेंटरच असतं. असो.

आता आपल्या अंगणात येतो. २०१७ चा खरीप. त्या वर्षी कपाशी माणसाच्या डोक्याएवढी वाढली होती. सप्टेंबर-ऑक्टोबरात फवारणी करता करता माणसं कोसळू लागली. जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो दाखल झाले. त्या दिवसांत मी बातमीसाठी वॉर्डात जात होतो. डोळ्यांनी दिसेनासं झालेली तरणीताठी पोरं, खाटेवर बरळणारी माणसं, आणि नातेवाइकांच्या हातात औषधाची रिकामी बाटली. डॉक्टर विचारायचे, काय फवारलं? उत्तर असायचं, "तीन-चार मिसळून मारलं साहेब."

इथेच सगळं अडतं. ऑर्गनोफॉस्फेट गटातलं विष असेल तर अॅट्रोपिन हा उतारा. त्या विषाने रक्तातलं कोलिनेस्टरेज नावाचं द्रव्य खाली जातं, ते मोजता येतं. पण त्या वर्षी वापरात असलेली सगळीच औषधं त्या गटातली नव्हती. डायफेन्थियुरॉनसारख्या कीटकनाशकाला ठरलेला उताराच नाही. मग चार विषं घामाने भिजलेल्या अंगातून एकदम आत गेली तर होतं काय? कोणाचे डोळे जातात, कोणाचे नाही, असं का? बरे झालेल्यांना दोन वर्षांनी, पाच वर्षांनी काही त्रास उरतो का? देशभरातले पत्रकार आले, विशेष तपास पथक बसलं, कंपन्यांवर, दुकानदारांवर, पंपावर, झाडाच्या उंचीवर चर्चा झाली. या डॉक्टरी प्रश्नांसाठी मात्र दिवाळीनंतर कोणी थांबलं नाही. वॉर्ड रिकामा झाला, विषय संपला.

बिरवाडीच्या खाटेजवळ जसा एक माणूस वही घेऊन बसला, तसा इथे बसायला हवा होता. त्या माणसाची ब्रँच कोणती असती? मेडिसिन असती तर खाट त्याची. फार्माकॉलॉजी असती तर विषाचा रेणू त्याला कळला असता. पीएसएम असती तर तो वावरात गेला असता आणि आजारी न पडलेले किती, हेही त्याने मोजलं असतं. मला विचाराल तर यवतमाळसाठी मी मेडिसिनवाला मागेन, पण मोजणी शिकलेला. आणि शेजारच्या खोलीत एक फार्माकॉलॉजीवाला, ज्याच्याशी तो रोज चहा पितो.

आणि प्रश्न फवारणीवर संपत नाहीत. पांढरकवडा भागातल्या पाण्यातलं फ्लोराइड भूगर्भशास्त्रवाल्यांनी मोजून ठेवलं आहे. दात आणि हाडं मोजणाऱ्या डॉक्टरची वाट आहे. सिकलसेलचं राष्ट्रीय अभियान १ जुलै २०२३ ला शहडोलला सुरू झालं, २०४७ पर्यंत उच्चाटनाचं लक्ष्य आहे. तपासण्या होतील, कार्डं वाटली जातील. पण एकाच घरातल्या दोन सिकलसेलच्या भावंडांत एक शाळेत जातो आणि दुसरा दर महिन्याला भरती होतो, असं का, हे विचारणारा डॉक्टर कुठून येणार? पॅथॉलॉजीतून, पेडियाट्रिक्समधून, की आणखी कुठून?

त्या मुलीला मी ब्रँचचं नाव सांगितलं नाही, तो माझा अधिकार नाही. दोन-तीन व्यवहाराच्या गोष्टी मात्र सांगितल्या, त्या इथेही लिहितो, अजून एमबीबीएसला असलेल्या पोरांच्या कामी येतील. आयसीएमआर १९७९ पासून एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांना दोन महिन्यांच्या छोट्या संशोधनासाठी स्टायपेंड देते, त्याला एसटीएस म्हणतात. सीनियर्सना विचारा, अर्ज करा. एम.डी.ला थिसिस सक्तीचा आहे. विषय गाइडने फेकला म्हणून उचलू नका, आपल्या गावच्या रोगाचा मागून घ्या. आता पीजीच्या प्रत्येकाला तीन महिने जिल्हा पातळीवरच्या रुग्णालयात काढावे लागतात, डीआरपी म्हणतात त्याला. बहुतेक जण ते कसेबसे ढकलतात. आणि एक वर्षाचा बाँड आहेच. बावस्करांचं बिरवाडी अशाच साध्या पोस्टिंगने सुरू झालं होतं.

एक काम आपल्या सगळ्यांसाठी. २०१७ च्या फवारणीत ज्यांच्या घरचं कोणी भरती होतं, त्यांच्याकडे डिस्चार्ज कार्ड, चिठ्ठ्या, रक्ताचे रिपोर्ट, चष्म्याच्या नंबरचे कागद असतील. कोणाकडे औषधाच्या बिलाची पावती असेल. ते रद्दीत देऊ नका, पावसाने भिजू देऊ नका. एका पन्नीत घालून पेटीत ठेवा आणि त्यावर माणसाचं नाव, गाव आणि त्या दिवशी काय काय मिसळून फवारलं होतं ते आठवेल तसं लिहून ठेवा. आठवण जाण्याआधी लिहा, आठ-नऊ वर्षं होत आली आहेत.